ती तेलाची टाकी होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हवाई दलाच्या युद्धसरावावर पानभर लेख आला होता. लेख चांगला जमलाय. कचकन वळण घेताना वैमानिकाच्या अंगावर किती भार येतो, मांड्यापोटऱ्या आवळणारा सूट कशासाठी घालायचा, हे सगळं समजेल असं लिहिलंय. माझं भांडण आहे ते पानाच्या मधोमध छापलेल्या मोठ्या रंगीत छायाचित्राशी, म्हणजे त्याच्या खालच्या ओळीशी. ‘उड्डाणासाठी सज्ज क्षेपणास्त्र, महाकाय बॉम्ब आणि हेल्पर’ असं तिथे आहे.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. विमान जग्वार आहे, आपल्या हवाई दलाचं लढाऊ विमान, आणि त्याच्याजवळ चार पोरं उभी आहेत. पंखाखाली जो लांबोडा टोकदार नळकांडा दिसतो तो बॉम्ब नाही, ती तेलाची टाकी आहे. १२०० लिटरची. लांबचा पल्ला असला की विमान ती बरोबर घेऊन जातं, गरज पडली तर वाटेत टाकूनही देतं. एवढ्यावरच असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. टाकीला बॉम्ब म्हणणारे पुष्कळ पाहिलेत, आमच्या घरातही आहेत. होटगी रोडवरून विमान उडालं की गच्चीत धावणारी माझी नात तर लँडिंग गिअरलाही बॉम्ब म्हणते.

पण सोमवारी सकाळी भवानी पेठेतल्या एक बाई तो अंक हातात घेऊन आमच्याकडे आल्या. विड्या वळतात. त्यांचा धाकटा अग्निवीरवायू म्हणून निवडला गेला आणि सध्या बेळगावजवळ सांब्र्याला ट्रेनिंगमध्ये आहे. भरतीच्या आधी तो वर्षभर माझ्याकडे संध्याकाळी यायचा, गणित आणि फिजिक्स घेऊन. माझं ऐकून ऐकून त्याच्या डोक्यात बसलं की आपल्याला शस्त्राचाच ट्रेड पाहिजे. बाईंनी पान उघडलं, हेल्पर या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “अण्णा, हे काय ओ? पोरगा हेल्पर व्हायला गेला का एवढं लांब?”

सोलापुरात हेल्पर कुणाला म्हणतात ते आपल्याला माहीत आहेच. मागावर कांड्या पोचवायच्या, पडलेला कचरा गोळा करायचा, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला पाना द्यायचा, चहा आणायचा, आणि हप्त्याच्या दिवशी सगळ्यांत शेवटी नाव यायचं. दहावीच्या सुट्टीत मी स्वतः अशोक चौकाच्या बाजूला एका कारखान्यात हेल्पर होतो. वडील तिथेच जॉबर. त्या कामात कमीपणा आहे असं मी म्हणणार नाही. पण जे हेल्परचं काम नाही त्याला हेल्परचं म्हणू नये.

मी १९८२ साली हवाई दलात गेलो. सांब्र्याला कवायत, तांबरमला ट्रेड ट्रेनिंग, मग अंबाल्याला जग्वार. कागदावर वेपन फिटर, बोलताना सगळे आर्मामेंटवाला म्हणायचे. ज्युनिअर वॉरंट ऑफिसर होऊन निवृत्त झालो. तेव्हा छायाचित्रातल्या त्या चार पोरांचं काम काय असतं, हे मी थोडं सांगू शकतो.

जग्वारचं क्षेपणास्त्र पंखाच्या खाली नसतं, वर असतं. जगातली इतर बहुतेक लढाऊ विमानं बघा, पंखावरची क्षेपणास्त्रं खालून किंवा टोकाला लटकलेली दिसतील. आपल्या जग्वारचा लाँचर पंखाच्या पाठीवर बसवलाय. कारण खालच्या जागा बॉम्ब आणि टाक्यांना लागतात. कल्पना हुशार आहे, पण ती कागदावर काढणाऱ्याने जानेवारीच्या पहाटे अंबाल्याला येऊन बघायला पाहिजे होतं. जग्वारचा पंख मुळातच खांद्याच्या वर. त्याच्याही वर ८९ किलोचं मॅजिक क्षेपणास्त्र न्यायचं, आणि पंखावर दव पडून तो घासलेल्या फरशीसारखा झालेला. क्षेपणास्त्राच्या अंगावरचे हँगर, म्हणजे अडकवायचे आकडे, लाँचरच्या खाचेत सरळ गेले पाहिजेत. थोडंही तिरकं झालं की अडकतं, आणि अडकलं म्हणून ढकलायचं नाही. मागे घ्यायचं, पुन्हा सरळ करायचं. बोलायचं फक्त इनचार्जनं. बाकीच्यांनी तोंड बंद. ‘थांब’ मात्र कुणीही म्हणू शकतो, कालच आलेला एलएसी, म्हणजे नवखा वायुसैनिकसुद्धा. तो म्हणाला की सगळ्यांचे हात जिथल्या तिथे.

मला त्या वेळी नेहमी गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, आधीचा नंदीध्वजांचा सराव आठवायचा. एवढा उंच ध्वज एकटा माणूस कमरेच्या पट्ट्यात पेलतो, सगळं गाव त्याच्याकडे बघतं. पण त्याच्याभोवती बाराबंदीत जे चालत असतात त्यांची नजर ध्वजाच्या शेंड्यावरून हलत नाही. त्यांना हेल्पर म्हणून बघा, बाळीवेशीतून घरी जाता येणार नाही.

वजन चढवणं हा या कामातला सोपा भाग. अवघड भाग विजेचा. विमानाच्या पायलॉनमध्ये, म्हणजे शस्त्र अडकवायच्या आधारात, ज्या तारांतून हुकूम येतो त्यांत आत्ता करंट नाही ना, हे मीटर लावून बघायचं. विमान जमिनीला अर्थ केलेलं पाहिजे. बॉम्बला विमानापासून जोरात खाली ढकलणारी छोटी काडतुसं असतात, ती सगळ्यांत शेवटी. शस्त्र चुकून सुटू नये म्हणून लावायच्या लाल फितीच्या पिना जागेवर असल्याशिवाय पुढचा प्लग जोडायचा नाही. यातली प्रत्येक गोष्ट वेळखाऊ आहे आणि प्रत्येक गोष्ट कुणीतरी कधीतरी वेळ वाचवायला टाळलेली आहे. २९ जुलै १९६७ रोजी अमेरिकेच्या फॉरेस्टल या विमानवाहू जहाजावर एक रॉकेट उभ्या विमानातून आपोआप सुटलं. विमानाची वीज बाहेरच्या जोडणीवरून आतल्या जोडणीवर घेताना झटका आला, रॉकेटचा प्लग ठरल्यापेक्षा आधी जोडून ठेवलेला होता, पीन जागेवर नव्हती. समोरच्या विमानाची तेलाची टाकी फुटली आणि १३४ माणसं गेली. टाकी, संपादक महाशय. म्हणून म्हणतो, टाकी आणि बॉम्ब वेगळे ओळखता आलेले बरे.

आता ‘सज्ज क्षेपणास्त्र’. छायाचित्रातलं क्षेपणास्त्र निळं आहे. पाश्चात्त्य बनावटीच्या शस्त्रांवर पिवळा पट्टा म्हणजे आत स्फोटक, तपकिरी पट्टा म्हणजे रॉकेट मोटर, आणि निळा रंग म्हणजे सरावाचं. त्यात दारूगोळा नाही, मोटर नाही, ते कधी सुटणारच नाही. नाकातला डोळा तेवढा जिवंत असतो. समोरच्या विमानाची उष्णता त्याला दिसली की वैमानिकाच्या कानात गुरगुर ऐकू येते, बटण दाबलं की नोंद होते, आणि खाली उतरल्यावर कोण मेला कोण वाचला यावर तासभर वाद चालतो. लढाऊ सराव असाच होतो. निळ्याला सज्ज म्हणणं म्हणजे लग्नाच्या रुखवतातल्या साखरेच्या नारळाला देवापुढे फोडायला घेणं.

हा रंग एवढा महत्त्वाचा का, तेही सांगतो. २५ मे १९८२. मी तेव्हा नुकताच भरती झालो होतो, ही गोष्ट पुढे आम्हाला क्लासमध्ये शिकवली. पश्चिम जर्मनीत ब्रिटिश हवाई दलाचं एक फँटम लढाऊ विमान सरावाला गेलं. त्यावर त्या दिवशी खरी साइडवाइंडर क्षेपणास्त्रं होती. आत बसलेल्या दोघांना सवय रोजच्या खोट्या हल्ल्यांची. खरी शस्त्रं लावलेली असली की मुख्य स्विचवर आठवणीसाठी चिकटपट्टी लावायची पद्धत होती, ती पट्टी त्या दिवशी लावलेली नव्हती. समोर आलेल्या विमानावर त्यांनी नेहमीसारखा हल्ला केला, बटण दाबलं, आणि क्षेपणास्त्र सुटलं. पाडलेलं विमान त्यांचंच होतं. जग्वार. वैमानिक उडी मारून वाचला. आमच्या मास्तरांनी एवढं सांगून खिशातून चिकटपट्टीची गुंडाळी काढली आणि टेबलावर ठेवली. पुढे काही बोलले नाहीत, तास संपवला. ती गुंडाळी मला अजून दिसते, कडेला धूळ चिकटलेली, चार-पाच रुपयांची असेल.

हे जुनं झालं असं कुणी म्हणू नये. ७ ऑगस्ट २०१८ ला स्पेनच्या युरोफायटरमधून एस्टोनियावर सरावात खरं क्षेपणास्त्र सुटलं होतं. नशीब, कुणाला लागलं नाही.

जामनगरबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. तिथे हवाई दलाची आर्मामेंट ट्रेनिंग विंग आहे, जवळच सरमतची रेंज. स्क्वॉड्रन पाळीपाळीने तिकडे जातात, बॉम्ब टाकतात, तोफा चालवतात. हवेतल्या हवेत तोफ चालवायचा सराव कसा होतो, हे आपल्या वाचकांना आवडेल. एक विमान लांब दोराला बांधून विणलेला एक मोठा पट्टा मागे ओढत नेतं. त्याला बॅनर म्हणतात. बाकीची विमानं एकामागून एक येऊन त्या पट्ट्यावर गोळ्या झाडतात. मग पट्ट्याला पडलेलं भोक कुणाचं, हे कळायचं कसं? तर प्रत्येक विमानाच्या गोळ्यांची टोकं वेगवेगळ्या रंगात बुडवलेली असतात. एकाची लाल, एकाची हिरवी, एकाची निळी. गोळी कापडातून गेली की भोकाच्या कडेला तो रंग लागतो. रंगात बुडवायचं काम आमचं. रंग चिकट, लवकर न सुकणारा. माझी बोटं आठ-आठ दिवस हिरवी असायची. रंगाईच्या कारखान्यातल्या आमच्या मामाची जशी असायची तशीच, म्हणून मला घरच्यासारखं वाटायचं.

बॅनर खाली टाकला की तो मैदानावर अंथरायचा आणि सगळे त्याच्यावर गुडघे टेकून बसायचे. वैमानिकसुद्धा. एकदा दोन फ्लाइट लेफ्टनंट एका भोकावरून भांडायला लागले. कडेला लालही दिसत होतं आणि निळंही. मी तेव्हा कॉर्पोरल. मध्ये बोलायची माझी पायरी नव्हती, पण जॉबरचा पोरगा गप्प बसतोय होय? मी म्हटलं, सर, भोकं दोन आहेत, एकात एक पडलीत. उभे धागे इथे तुटलेत ते आत वळलेत, हे तुटलेत ते बाजूला सरकलेत, मधला एक आडवा धागा शाबूत आहे. एकाच गोळीनं झालं असतं तर तो राहिला नसता. सगळ्यांनी वाकून पाहिलं. वॉरंट ऑफिसरनं विचारलं, “कहाँ से हो?” सोलापूर म्हटल्यावर तो म्हणाला, “हाँ, चादर वाले.” त्या दिवसापासून बॅनर मोजायला मला बोलावणं असायचं. भोक लांबट झालं असेल तर ते आम्ही वेगळं दाखवायचो. गोळी जितकी सपाट कोनातून गेली तितकं भोक लांब, म्हणजे झाडणारा बरोबर पाठीमागून आला होता, आणि त्या रेषेत पुढे ओढणारं विमान होतं. असल्या लांबट भोकाला शाबासकी मिळत नसे, वैमानिकाला आत बोलावलं जायचं.

आमच्या हातूनही चुका होतात, तेही लिहितो, नाहीतर म्हणाल म्हातारा नुसती फुशारकी मारतोय. लढाऊ वैमानिकांना पुढारीपणाचं शिक्षण देणारी संस्था १९७१ च्या फेब्रुवारीत आदमपूरला सुरू झाली, मग जामनगरला गेली आणि २००० पासून ग्वाल्हेरला आहे. नाव लांबलचक आहे, टॅक्टिक्स अँड एअर कॉम्बॅट डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट. तिथले कोर्स करून आलेल्याला हवाई दलात वेगळा मान असतो. अशाच एका सरावात आमच्या एका वैमानिकाला समोरचं विमान अगदी नीट मिळालं, पण कानात गुरगुर आली नाही. तेवढ्यात दुसऱ्यानं त्याला कागदावर मारलं. उतरल्यावर आमचे वैमानिक थेट आमच्याकडे आले. रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, बघूया जरा. क्षेपणास्त्राच्या नाकावरच्या काचेवर एका बोटाचा ग्रीसचा ठसा होता. झाकण काढताना लागलेला. झाकण मी काढलं होतं. गुरगुर त्याच्यामुळेच आली नाही असं काही सिद्ध झालं नाही, पण बोट माझं होतं हे मला ठाऊक होतं. त्यांनी हातरुमालानं पुसायला हात पुढे केला तर मी म्हटलं, सर, रुमाल नको, चरे पडतील. तेव्हा मात्र ते हसले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या खिशात पांढऱ्या सुती हातमोज्यांचा जोड असायचा. अजून एक कपाटात आहे. बायको त्यानं देवाची समई पुसते.

आणि एक गोष्ट, जी कधीच छायाचित्रात येत नाही. बॉम्ब टाकला, पण पडलाच नाही. विमान त्याला घेऊन परत येतं. असं विमान लांब कोपऱ्यात, नाक मोकळ्या माळाकडे करून उभं करतात आणि बाकी सगळे मागे सरकतात. जामनगरला मे महिन्यात २५ पाउंडी सरावाचा बॉम्ब असा अडकला होता. त्यातलं बहुतेक नुसतं लोखंड, रेंजवर नेम दिसावा म्हणून धुराचं एक छोटं काडतूस तेवढं असतं. पण बोटं न्यायला ते पुरतं. वॉरंट ऑफिसर आणि मी, दोघंच गेलो. पीन आत जाईना. भोकात माती बसलेली. त्यांनी खाली वाकून भोकात फुंकर मारली, जशी आपण मुलाच्या डोळ्यात मारतो, तशी हळू. पीन गेली. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, आज मेसमध्ये भाजी काय आहे? मला आठवेना. सकाळी मीच विचारून आलो होतो.

त्या दिवशी माझी नोकरीची सहा वर्षं झाली होती. विमानाच्या फॉर्म ७०० वर, म्हणजे देखभालीच्या नोंदवहीत, शस्त्राच्या रकान्यात माझी एकट्याची सही त्याच सुमारास चालायला लागली. वैमानिक ती सही वाचून शिडी चढतो. अग्निवीरांच्या चार वर्षांबद्दल मोठमोठ्या लोकांनी बरंच लिहिलंय, त्यात मी पडत नाही. पण चारांतला एकच पुढे ठेवणार असाल, तर उरलेल्या तिघांच्या बोटांत तोवर जे मुरलेलं असेल त्याचं काय, एवढं विचारावंसं वाटतं. भवानी पेठेतल्या त्या पोराला मी हे बोललेलो नाही, त्याच्या आईलाही नाही.

माझी विनंती एवढीच की दुरुस्ती छापावी. टाकीला टाकी म्हणावं, निळं क्षेपणास्त्र सरावाचं आहे असं लिहावं, आणि हेल्परच्या जागी ‘शस्त्र चढवणारे वायुसैनिक’ असे शब्द घालावेत. इंग्रजीत काय म्हणतात त्याची गरज नाही. आतल्या पानावर चालेल, बारीक टाइपात चालेल.

जाता जाता एक. छायाचित्रात डावीकडे उभ्या पोराच्या हातात लाल फितींचा जुडगा आहे. तुमच्या छायाचित्रकाराला तो शोभेसाठी वाटला असेल. त्या काढलेल्या पिना आहेत. एक-एक करून वैमानिकाला दिसतील अशा त्या वर धरायच्या असतात. मी भिंग घेऊन मोजल्या. पाच स्पष्ट दिसतात, सहावी त्याच्या अंगठ्याखाली आहे.

बाईंनी ते पान मुलाला पाठवायचं म्हणून कापून ठेवलं होतं. मी त्यांना थांबायला सांगितलंय. कात्रण माझ्याकडे आहे, पाकिटावर सांब्र्याचा पत्ताही लिहून झालाय. दुरुस्ती आली की ती आत घालून पाकीट बंद करीन.

आपला,
एक निवृत्त ज्युनिअर वॉरंट ऑफिसर
जुळे सोलापूर

(नाव छापू नये. घरी आवडत नाही.)